सरासरी पुरत नाही

पशुखाद्याच्या प्रयोगशाळेत मला सगळ्यात आवडतं ते चाळण्यांची उतरंड लावणं. वर मोठ्या छिद्रांची, खाली बारीक, तळाशी थाळी. 100 ग्रॅम भरडा टाकून चाळण्या हलवणारं यंत्र 10 ते 15 मिनिटं चालवायचं, मग प्रत्येक चाळणीवर उरलेल्याचं वजन. त्यावरून कणांचा भौमितिक सरासरी व्यास, म्हणजे सरासरी जाडी, निघते. पण बारीक, तेलकट भरडा गोळे धरतो, छिद्रं बुजतात. म्हणून चाळण्यांत रबरी चेंडू, ब्रश आणि नमुन्यात अर्धा ग्रॅम प्रवाही भुकटी, म्हणजे कण सुटे ठेवणारी पूड, हवीच. ती न घालता आलेल्या आकड्यावर माझा विश्वास नाही. कण आहेत त्याहून जाड दिसतात. आणि नुसती सरासरी कळवू नका, प्रमाण विचलनही, म्हणजे कण सरासरीभोवती किती विखुरलेत तेही, सांगा! डुकरांच्या खाद्यात फार बारीक पीठ असलं तर जठरात व्रण होण्याचा धोका वाढतो, आणि हे पीठ सरासरीत दिसतच नाही.