तुम्ही विचारलंत म्हणून: गर्भपिशवीचं तोंड उघडलंय का, हे आपलं आपण तपासावं का?

गेली वीस वर्षं मी लेबर रूममध्ये परिचारिका आहे. दिवस भरत आलेल्या बायका तपासणीला येतात. वजन होतं, रक्तदाब होतो, बाळाचे ठोके ऐकून होतात. मग पर्स उचलता उचलता, आवाज खाली आणून एक प्रश्न येतो, "सिस्टर, पिशवीचं तोंड उघडायला लागलंय का, हे माझं मलाच बोट घालून कळेल का?" काहींनी तोवर करूनही पाहिलेलं असतं. हाताला काहीच लागलं नाही म्हणून त्या घाबरलेल्या असतात. बाहेर रांग असते, मी दोन वाक्यांत उत्तर देते आणि ते अपुरं पडलं असं दिवसभर वाटत राहतं. म्हणून आज सविस्तर सांगते.

हा प्रश्न विचारायला लाजू नका. शरीर तुमचं, आतलं बाळ तुमचं, आणि नवव्या महिन्यातली ती ताटकळ किती जीव खाते ते मी स्वतः सोसलं आहे. उत्तर मात्र सरळ देते. बोट पोचलं तर काहीतरी लागेल, पण तुम्हाला जे कळायला हवंय ते त्यातून कळणार नाही. म्हणून मी 'करू नका' असंच सांगते.

लागतं काय, ते आधी सांगते. गर्भपिशवीचं तोंड म्हणजे नुसतं भोक नव्हे. ती तीन-चार सेंटीमीटर लांबीची मान असते, घट्ट चिकट स्रावाने बुजलेली आणि बराच काळ मागे, माकडहाडाच्या बाजूला वळलेली. ती कडक असते तेव्हा बोटाला नाकाच्या शेंड्यासारखी लागते. दिवस भरत येतात तशी ती मऊ पडते, ओठासारखी. मग आखूड होत जाते, मागची पुढे सरकते आणि उघडते. पहिलटकरणीत बहुधा आधी पातळ होते आणि मग उघडते. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला दोन्ही बरोबरच चालतं, म्हणून अशा बाईचं तोंड कळांचा पत्ता नसतानाही कित्येक दिवस बोटभर उघडं राहू शकतं. आम्ही 'एक बोट', 'दोन बोटं' म्हणतो तेव्हा एका बोटाचा अंदाज साधारण दीड सेंटीमीटर धरलेला असतो. दहा सेंटीमीटर म्हणजे पूर्ण. तेव्हा बाळाच्या डोक्यापुढे तोंडाची कडच हाताला लागत नाही.

एडवर्ड बिशप या डॉक्टरांनी 1964 मध्ये, कळा सुरू करून दिल्या तर बाळंतपण नीट होईल का हे ठरवण्यासाठी गुण द्यायची एक पद्धत मांडली. ती आजही आम्ही वापरतो. तीत पाच गोष्टी बघतात: तोंड किती उघडलं, किती पातळ झालं, किती मऊ आहे, पुढे आलंय की मागे आहे आणि बाळाचं डोकं किती खाली उतरलं. घरी बसून बाई ज्या एका आकड्यासाठी धडपडते, तो या पाचांतला एक.

आता माझं सांगते. दुसऱ्या खेपेला अडतिसाव्या आठवड्यात मी हे करून पाहिलं. तोवर अशा किती तपासण्या माझ्या हातून झाल्या होत्या त्याची गणती नव्हती, तेव्हा मला कळणार नाही तर कुणाला, असं वाटलं. बाथरूममध्ये एक पाय स्टुलावर ठेवला. पोट मध्ये येत होतं, मनगट वाकडं झालं होतं. दुसऱ्या बाईला तपासताना माझा हात समोरून जातो, बोटं मागे माकडहाडाकडे वळवता येतात. स्वतःला तपासताना हात वरून, पोटाला वळसा घालून जातो. सगळा नकाशाच उलटा होतो. बोटांच्या टोकाला गुळगुळीत, गोल, टणक असं काहीतरी लागलं. बाळाचं डोकं. पुढे कड शोधली, ती कुठेच नव्हती. कड नाही म्हणजे पूर्ण उघडलं! कळ एकही नाही आणि दहा सेंटीमीटर? माझे हातपाय गार पडले. तशीच हॉस्पिटलला गेले.

ड्युटीवरच्या मॅडमनी हातमोजे घालण्याआधी एवढंच विचारलं, "कळा येताहेत का?" मी नाही म्हटलं. त्यांनी सावकाश तपासलं. तोंड एक बोट होतं, तेही खूप मागे. माझ्या बोटांना लागलं होतं ते डोकंच, पण पिशवीच्या खालच्या, ताणून पातळ झालेल्या भिंतीतून. तोंड त्याच्या मागे होतं आणि माझी बोटं तिथवर पोचलीच नव्हती. ही चूक शिकाऊ हातांकडून होते हे मी स्वतः नव्या मुलींना शिकवत आले होते. बाळ झालं त्यानंतर बाराव्या दिवशी. ते बारा दिवस मी रात्री नीट झोपले नाही, आणि त्या न झोपण्याला त्या एका तपासणीखेरीज दुसरं कारण नव्हतं.

सरावलेल्या दोन हातांतही एखाद्या सेंटीमीटरचा फरक सहज पडतो. म्हणून शक्य असेल तिथे एका बाईला पुन्हा पुन्हा त्याच हाताने तपासावं असा आमचा प्रयत्न असतो. आणि समजा तुमचा अंदाज अगदी बरोबर निघाला, तरी 'कधी' याचं उत्तर त्यात नसतं. सकाळी तोंड बंद असलेली बाई रात्री बाळंत झालेली मी पाहिली आहे, आणि दोन बोटं उघडं तोंड घेऊन दोन आठवडे घरात वावरलेलीही. इमॅन्युएल फ्रीडमन यांनी 1955 मध्ये पाचशे पहिलटकरणींच्या तपासण्यांवरून तोंड उघडण्याचा आलेख काढला, आणि पुढे कितीतरी वर्षं तासाला एक सेंटीमीटर हा हिशेब लेबर रूममध्ये चालला. 2018 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की तो वेग प्रत्येक बाईला लावू नये, खऱ्या जोराच्या कळांचा टप्पा पाच सेंटीमीटरपासून धरावा आणि त्या टप्प्यात सारं ठीक असेल तर आतून तपासणी चार-चार तासांनी करावी. आमच्यासारख्यांनीसुद्धा आत बोट कमीत कमी वेळा घालावं, असंच शिकवलं जातं. तपासणीच्या वेळी तुम्हीही विचारू शकता, "आज आतून बघायची गरज आहे का?" आणि तुम्ही थांबा म्हटलं की आम्ही थांबलंच पाहिजे.

काही जणींच्या बाबतीत मात्र माझा सूर सल्ल्याचा नाही. त्यांनी बोट घालायचंच नाही. सोनोग्राफीत वार खाली, तोंडावर आहे असं सांगितलं असेल तर नाही. तिथे बोट लागलं तर धो धो रक्त जाऊ शकतं आणि ते घरी थांबवता येत नाही. पाणमोट फुटली असेल, थोडं थोडं पाणी जातंय अशी शंका जरी असेल तरी नाही, कारण बोटाबरोबर जंतू वर जातात आणि आता त्यांना अडवणारी बाळाभोवतीची पाण्याची पिशवी उरलेली नसते. अंगावर लाल जात असेल, सदतीस आठवडे भरले नसतील, तोंडाला टाका घातलेला असेल, त्या भागात नागिणीसारखे पुरळ किंवा फोड आले असतील, तर नाही. इतकं वाचूनही कुणी करणारच असेल, तर नखं मुळापासून कापा, हात साबणाने नीट धुवा, आणि दुखलं की तिथेच थांबा. तोंडाच्या आत बोट सरकवू नका.

मग कळावं कसं? हात आत घालण्याऐवजी पोटावर ठेवा. मी हेच शिकवते आणि त्याला घड्याळाखेरीज काही लागत नाही. कळ येते तेव्हा पोट कडक होतं. बोटांनी हलकेच दाबून बघा. नाकाच्या शेंड्याइतकं दबलं तर कळ हलकी. हनुवटीसारखं लागलं तर मध्यम. कपाळासारखं लागलं, बोट रुतलंच नाही, तर जोराची. खोट्या कळा चालल्यावर, कूस बदलल्यावर, पाणी पिऊन पडल्यावर विरतात. खऱ्या कळा तुम्ही काहीही केलंत तरी येत राहतात, पुष्कळदा कमरेतून पुढे येतात, लांबत जातात आणि त्यांच्यातलं अंतर घटत जातं. वेळ मोजायची ती एका कळेच्या सुरुवातीपासून दुसरीच्या सुरुवातीपर्यंत. पहिलटकरणीला तासभर दर पाच मिनिटांनी, मिनिटभर टिकणाऱ्या कळा आल्या की निघायचं. दुसरी खेप असेल किंवा हॉस्पिटल लांब असेल, तर इतकं थांबू नका.

रक्ताची रेघ असलेला चिकट स्राव गेला तर घाबरायचं कारण नाही. तोंड बुजवणारा तोच तो स्राव. त्यानंतर कळा काही तासांत येतात, कधी काही दिवसांनी. पण पाळीसारखं लाल रक्त गेलं, पाणी गेलं, ते हिरवट-तपकिरी दिसलं, बाळाची हालचाल मंदावली, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा चमकायला लागलं, तर कळा मोजत बसू नका. निघा.

अलीकडे रात्री फोनवर कुणी तो प्रश्न विचारला, की मी फोन स्पीकरवर ठेवायला सांगते. "दोन्ही तळवे पोटावर ठेवा. पुढची कळ आली की सांगा, हनुवटी की कपाळ." मग आम्ही दोघी गप्प राहतो. पलीकडून तिचा श्वास ऐकू येत असतो, मी घड्याळाच्या सेकंद काट्याकडे बघत असते. कधी चार मिनिटांनी, कधी अकरा मिनिटांनी ती म्हणते, "आली सिस्टर. हनुवटी... नाही, थांबा. कपाळ."