टेस्टच्या तळाशी

स्टॉकब्रिजच्या पुलावरून वाकून पाहत होतो. इंग्लंडच्या हॅम्पशायरमधलं हे गाव म्हणजे जवळजवळ एकच लांबरुंद रस्ता, आणि त्याच्याखालून टेस्ट नदी फाट्याफाट्यांनी वाहते. पाण्यात ट्राउट मासे प्रवाहाकडे तोंड करून, नुसती शेपटी हलवत जागच्या जागी थांबलेले. दुपार, ऊन, खाली वाहतं पाणी. हात आपोआप खिशात गेला.

टेस्ट हे काय नदीचं नाव झालं? आईला फोनवर म्हटलं, "आज टेस्टवर जाऊन आलो," तर तिनं विचारलं, "रिपोर्ट कधी येणार?"

कराडला कृष्णेचा पूल जवळ आला की आजी कनवटीची गाठ सोडायला घ्यायची. खिडकीशी मी, म्हणून नाणं टाकायचा मान माझा. नदीसाठी तिची नाणी वेगळी असत: चेपलेली, कंडक्टरनं परत केलेली, झालरीसारख्या कडेची ती अॅल्युमिनिअमची दहा पैशांची. "कृष्णामाईला चालतं रे." मी टाकायचो, दोघं हात जोडायचो, तोवर पूल संपलेला असे. नाणं पाण्यात पडलं की कठड्याला आपटून रस्त्यावरच राहिलं, हे एकदाही कळलं नाही. ते नाणं म्हणजे कागदाहून हलकं!

टेस्टचा उगम ओव्हरटनजवळच्या अ‍ॅशला. खडूच्या टेकड्यांतून झिरपून आलेलं पाणी, त्यामुळे तळाचा गोटा न् गोटा दिसतो. तिथून व्हिटचर्च, तिथली पाणचक्कीवाली रेशमाची गिरणी, मग लाँगपॅरिश, गवतानं शाकारलेल्या घरांचं व्हेरवेल, स्टॉकब्रिज, रॉमसी, आणि चाळीसेक मैलांवर साउदॅम्प्टनचा समुद्र. किंग्ज सॉम्बोर्न, लिटल सॉम्बोर्न, अप सॉम्बोर्न अशी नावं वाचली की बुद्रुक-खुर्द आठवून बरं वाटतं. वाईट वाटतं ते एवढंच, की या नदीत पाय सोडून बसायची सोय जवळपास नाही. काठ बहुतेक खासगी, मासेमारीचे. स्टॉकब्रिजचा हॉटन क्लब तर 1822 सालचा. नदी बघायची ती पुलावरून, परक्याच्या अंगणात डोकावल्यासारखी. घाट नाही, पायरी नाही. ही कसली नदी, असं आजी नक्की म्हणाली असती.

याच नदीवरच्या लॅव्हरस्टोकला मात्र गंमत वाटली. तिथल्या पोर्टल मंडळींनी 1724 पासून बँक ऑफ इंग्लंडच्या नोटांसाठी कागद केला. 1861 पासून हिंदुस्थान सरकारच्या ज्या एका बाजूनं छापलेल्या नोटा निघाल्या, त्यांचा हातकागदही तिथलाच. नाशिकला नोटा छापू लागले ते 1928 मध्ये. म्हणजे आमच्या पणजोबांनी कधी सरकारी नोट पाहिली असेलच, तर तिच्यात या नदीचं पाणी मुरलेलं होतं. पाहिली असेल का, ही शंकाच आहे. आता त्या कागदाच्या गिरणीत 2014 पासून जिन गाळतात, आणि तिचं नाव बॉम्बे सफायर. चला, नोट नाही तर बाटली.

तर खिशात दोन पेन्सचं नाणं निघालं. टाकलं. मासा वीतभर सरकला आणि पुन्हा आपल्या जागी आला. नाणं गिरक्या घेत गेलं आणि खडीवर बसलं, लख्ख तांबूस. बसलं ते बसलंच. दिसतच राहिलं. हात जोडायचेही राहिले. कुत्रा फिरवणाऱ्या एका आजोबांनी थांबून विचारलं, काही पडलं का? मी मान हलवली, ती हो की नाही हे मलाही ठाऊक नाही.

पुढच्या शनिवारी मुद्दाम गेलो. तिथंच होतं. कडेला जरा शेवाळ धरलेलं, पण ओळखू येत होतं. कृष्णेत नाणं गेलं की हिशेब मिटायचा. इथं उघडी वहीच.

बायकोला दाखवलं. ती बराच वेळ वाकून बघत राहिली आणि म्हणाली, "दोनच पेन्स?"