बस जिथे वळते तिथून पुढे

खानापूर तालुक्यात जांबोटी मागे टाकल्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रान दाट होत जाते, त्या पट्ट्यात आमचे गाव आहे. गाव कुठे आहे असे इथल्या कोणालाही विचारले, तर तो खानापूरपासूनचे किंवा बेळगावपासूनचे अंतर सांगत नाही, बस वळते त्या जागेपासूनचे सांगतो. एका जुन्या जांभळीखाली थोडी मोकळी जागा आहे, तिथे लाल बस वळते, आणि तिथून गाव चार किलोमीटर आहे. वाटेत दोन ओढे, एक चढ आणि पावसाळ्यात गुडघाभर चिखल. बेळगावात छत्तीस वर्षे टपाल खात्यात नोकरी करून मी सहा वर्षांपूर्वी वडिलोपार्जित घरी परत आलो. सरकारी सेवा नेमक्या कुठपर्यंत येतात आणि तिथून पुढे त्यांना कोण ओढून आणते, याचा हिशेब मी तेव्हापासून नकळत ठेवू लागलो आहे. जुन्या टपालवाल्याची खोड म्हणावी.

बसपासूनच सुरुवात करतो. 11 जून 2023 पासून कर्नाटकात शक्ती योजना सुरू झाली आणि राज्य परिवहनाच्या साध्या बसमधून राज्यातल्या महिलांना तिकीट पडेनासे झाले. या योजनेची चेष्टा करणारे पुष्कळ लोक मला शहरात भेटले, परंतु ज्यांनी आमच्याकडच्या बायकांना आठवडी बाजारासाठी भाड्याचे पैसे पदराच्या गाठीतून मोजून काढताना पाहिले आहे, ते अशी चेष्टा करणार नाहीत. शेजारच्या वहिनी आता महिन्यातून दोनदा माहेरी जातात. पूर्वी त्या वर्षातून दोनदा जात असत. मात्र ही फुकटची बस गाठण्यासाठी त्यांना चार किलोमीटर चालावे लागते, आणि संध्याकाळची गाडी चुकली तर जांबोटीत कोणाच्या तरी ओसरीवर रात्र काढावी लागते. माझ्या लहानपणी ‘वस्तीची गाडी’ पुढच्या मोठ्या गावी मुक्कामाला येत असे. चालक आणि वाहक शाळेच्या व्हरांड्यात झोपत, आणि सकाळी त्याच गाडीने मुले हायस्कूलला जात. ती गाडी बंद कधी झाली हे कोणालाच नीट सांगता येत नाही. इथली सेवा सुरू होते तेव्हा फलक लागतो आणि नारळ फुटतो, बंद होते तेव्हा मात्र ती फक्त येईनाशी होते.

आजारपणाची गोष्ट अधिक सविस्तर सांगावी लागेल. 108 क्रमांकावर फोन केला की रुग्णवाहिका येते, हे आमच्या गावातल्या पाच वर्षांच्या मुलालाही ठाऊक आहे. अडचण अशी की फोन लावायला आधी रेंज पाहिजे आणि ती गावात मिळत नाही. देवळामागच्या टेकडीवर एक सपाट कातळ आहे, त्यावर उभे राहिले की मोबाइलला दोन काड्या दिसतात. त्या कातळाला गावात ‘टॉवरचा दगड’ असे नाव पडले आहे. तीन वर्षांपूर्वी श्रावणात पहाटे तीनच्या सुमारास आमच्या शेजारच्या आप्पांच्या छातीत दुखू लागले, तेव्हा त्यांचा नातू भर पावसात बॅटरी घेऊन त्या दगडावर गेला. पलीकडून कन्नडमध्ये विचारणा झाली की जवळचा चौक कोणता. जवळ चौक नाही, जांभूळ आहे, हे त्या पोराला तेवढ्या कन्नडात सांगता येईना. शेवटी जांबोटीच्या एका दुकानाचे नाव सांगून त्याने वेळ मारून नेली. इकडे आम्ही प्लास्टिकच्या खुर्चीला दोन वेळू सुंभाने आवळून बांधले, आप्पांना घोंगड्यात गुंडाळून तीत बसवले, वरून इरले धरले आणि सहा जण आळीपाळीने खांदा देत निघालो. चार किलोमीटरला पावणेदोन तास लागले. दुसऱ्या ओढ्याजवळ पोहोचलो तर समोरून एक तरुण येत होता. तो रुग्णवाहिकेचा चालक होता. गाडी जांभळीखाली उभी करून तो चिखल तुडवत आमच्याकडे चालत आला होता आणि उरलेल्या वाटेवर त्याने खांदाही दिला. आप्पा वाचले. हल्ली कोणालाही खुर्चीत बसवायची वेळ आली की, गाठ सैल आहे, असे ओसरीवरून ओरडून सांगण्याचा अधिकार त्यांना प्राप्त झाला आहे.

असे प्रसंग एकट्या आमच्याच गावचे नाहीत. भीमगड अभयारण्यातल्या आमगावच्या एका आजारी महिलेला गावकऱ्यांनी पावसात, रानातून खांद्यावर वाहून बाहेर आणल्याची छायाचित्रे 2024 च्या जुलैमध्ये सगळीकडे फिरली आणि चार दिवस चर्चा झाली. चर्चा ओसरली, पण पाऊस काही ओसरला नाही. हे अभयारण्य 2011 मध्ये जाहीर झाले आणि त्याचे क्षेत्र सुमारे 190 चौरस किलोमीटर आहे. त्या हद्दीत गवाळी, पास्टोली, कोंगळे, तळेवाडी यांसारख्या वस्त्या पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत आणि त्यांच्या मानाने आमचे चार किलोमीटर म्हणजे चैनच म्हणायची.

आमची खरी आरोग्यसेवा म्हणजे आशाताई. शेजारच्या गावची सून असलेली ही बाई तीन वाड्या पायी फिरते. गरोदर बाईला नववा महिना लागला की खानापुरात किंवा जांबोटीत कोणाकडे तरी दोन आठवडे आधीच राहायला जायचे, हा नियम तिने गावाला समजावून, प्रसंगी भांडून लावला. सासूचे मन वळवणे हे लस टोचण्याहून अवघड काम आहे, असे ती म्हणते. विंचू-सापाच्या बाबतीतही तिने भगताकडे जाणारी माणसे आधी दवाखान्याकडे वळवली. दवाखान्यातली सर्पदंशाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर चालते. आमच्या रानात वेळूच्या बेटात वेटोळे घालून बसणाऱ्या हिरव्या चापड्यावर ती चालत नाही, म्हणून साप कसा होता ते नीट आठवून डॉक्टरांना सांगा, पण त्याला मारत वेळ घालवू नका, हेही तिनेच मुलांना पढवले आहे.

तिच्या कामाचा एक भाग शहरातल्या वाचकाला विचित्र वाटेल. डिसेंबरपासून मेपर्यंत रानात कुठे मेलेले माकड दिसले का, याची ती चौकशी करत असते. 1957 मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात प्रथम सापडलेला माकडताप गोचिडांमुळे पसरतो, आणि माकडे मरू लागली तर तो रोग त्या रानात पोहोचल्याची ती पहिली खूण असते. 2015-16 च्या सुमारास गोव्याच्या सत्तरीत आणि सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात या तापाने माणसे दगावली. आमच्या भागातली कितीतरी माणसे काजूच्या हंगामात तिकडे मजुरीला जातात, त्यामुळे ही बातमी आम्हाला परक्या मुलखाची वाटली नाही. आता पाचोळा गोळा करायला जाणारी बाई हातापायांना आरोग्य खात्याचे तेल चोळून जाते आणि घरी आल्यावर आधी गरम पाण्याने आंघोळ करते. मेलेल्या माकडाची बातमी आणणारा मुलगा पूर्वी ओरडा खाई, आज त्याला शाबासकी मिळते. माझ्या मते सार्वजनिक आरोग्य म्हणतात ते हेच, आणि ते एका मानधनावरच्या बाईच्या दोन पायांवर उभे आहे.

रेशनचे तांदूळ जांभळीपर्यंत टेम्पोने येतात. अंगठा लावायच्या यंत्राला रेंज लागते, म्हणून दुकानदार ते यंत्र घेऊन टॉवरच्या दगडावर बसतो आणि गाव टेकडीवर रांग लावते. भातलावणीत आणि नाचणीच्या खळ्यावर झिजलेले म्हाताऱ्यांचे अंगठे यंत्र ओळखत नाही, मग अंगठा पुसणे, खोबरेल लावणे, दुसरे बोट, तिसरे बोट, असे तासभर चालते. विजेविषयी फारसे लिहीत नाही. 200 युनिटपर्यंत बिल माफ आहे, आणि मृगाचा पहिला वारा सुटला की वापरही जवळजवळ माफ होतो, कारण तारांवर फांदी पडलेली असते आणि लाइनमनकडे बाकीच्या वाड्याही असतात. पाण्याचे दुखणे मात्र मनाला लागते. कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा सौंदत्तीजवळच्या धरणात अडते आणि हुबळी-धारवाडची तहान भागवते. म्हादईच्या पाण्यावर तीन राज्ये भांडली आणि 2018 मध्ये लवादाने कोणाला किती टीएमसी हे दशांशापर्यंत ठरवून दिले. या दोन्ही नद्यांच्या माथ्यावर राहणाऱ्या आमच्या बायका एप्रिलमध्ये झऱ्याकाठी वाटीने घागर भरतात.

माझ्या स्वतःच्या वाट्याला कागद वाचण्याचे काम आले आहे. पंचायतीची नोटीस, जमिनीचा उतारा, पेन्शनचे पत्र, बहुतेक सगळे कन्नडमध्ये येते आणि गावातली माझ्या वयाची माणसे मराठी शाळेत शिकलेली आहेत. नोकरीमुळे मला कन्नड वाचता येते. संध्याकाळी ओसरीवर चार-पाच जण कागद घेऊन बसलेले असतात. 1 नोव्हेंबर 1956 पासून चाललेल्या सीमावादावर माझी मते इतर सीमावासीयांसारखीच ठाम आहेत, पण एखाद्या म्हातारीची पेन्शन तीन महिने थांबली, कारण तिला आलेले पत्र तिने देव्हाऱ्यात जपून ठेवले होते, अशा वेळी त्या वादाचा मला दिसणारा चेहरा निराळा असतो. भाषिक अल्पसंख्याकांना त्यांच्या भाषेत कागद द्यावा एवढी मागणी कोणत्याही राज्याच्या मुळावर येत नाही. शाळेतल्या पोरांना मी कन्नड चांगले शिका असेही सांगतो. यावरून दोन मित्र माझ्यावर रागावले आहेत, त्याला माझा इलाज नाही.

सर्वांत जास्त कागद मी रस्त्यासाठी वाचले. आमचे गाव अभयारण्याच्या बाहेर पण राखीव जंगलाच्या आत आहे, आणि जंगल आहे म्हणून रस्ता होणार नाही हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकले होते की तोच कायदा आहे असे सर्वांना वाटे. प्रत्यक्षात 2006 च्या वनहक्क कायद्याचे तिसरे कलम, दुसरे पोटकलम, वेगळेच सांगते. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, वीज आणि दूरध्वनीच्या तारा, पिण्याचे पाणी, रस्ता अशा तेरा प्रकारच्या सोयींसाठी, प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन लागत असेल आणि हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडे तोडावी लागणार नसतील, तर ग्रामसभेच्या शिफारशीवरून सरकारला ती जमीन देता येते. हे पोटकलम मी मराठीत लिहून काढून देवळात वाचून दाखवले, तेव्हा बराच वेळ कोणी बोलले नाही. नंतर आप्पा म्हणाले, ‘‘म्हणजे आम्ही एवढी वर्षं विचारतच नव्हतो!’’ ग्रामसभेने ठराव केला. तो एका कार्यालयातून तीनदा परत आला. पहिल्यांदा नकाशा नव्हता, दुसऱ्यांदा नकाशावर सही नव्हती, आणि तिसऱ्यांदा सही होती पण सही करणाऱ्या साहेबांची बदली झाली होती. चौथ्यांदा तो आत जाऊन एक वर्ष झाले. अभयारण्यातल्या गावांना 1972 च्या वन्यजीव कायद्याचीही परवानगी लागते, त्यामुळे त्यांची वाट याहून लांब आहे.

जंगल राखले पाहिजे याबद्दल माझ्या मनात शंका नाही. गव्यांचा कळप रात्रीत भाताचे शेत तुडवून जातो आणि अस्वलाच्या भीतीने पहाटे एकट्याने बाहेर पडता येत नाही, तरीही हे रान गेले तर झराही जाईल हे इथे प्रत्येकाला कळते. वस्त्या हलवाव्यात की सोयी आणाव्यात, हा प्रश्न मात्र आता समोर येऊन ठेपला आहे. तळेवाडीच्या काही कुटुंबांनी 15 लाख रुपयांच्या पुनर्वसन योजनेला होकार दिला आणि 2025 मध्ये त्यांना पहिल्या हप्त्याचे धनादेश मिळाले. त्यांना दोष देणारा मी कोण? आमच्याकडेही तरुणांचे मन बाहेर आणि म्हाताऱ्यांचे मन देवराईत आहे. एवढेच म्हणतो की दवाखाना, शाळा आणि बस वर्षानुवर्षे नाकारल्यावर घेतलेल्या होकाराला मी स्वखुशीचा होकार म्हणायला कचरतो.

आज मे महिन्याचा शेवटचा रविवार. सकाळपासून दोन्ही ओढ्यांवर साकव घालण्याचे काम चालू आहे. पैऱ्याने शेत करावे तसेच हे काम, घरटी एक माणूस, ज्याच्या घरी माणूस नाही त्याने चहा आणि पोहे द्यायचे. गेल्या वर्षीचे वासे कुजले होते म्हणून वनखात्याला विचारून वाऱ्याने पडलेले दोन सोट घेतले. पहिला साकव दुपारपर्यंत झाला. दुसऱ्याची रुंदी आप्पांनी काठीने मोजली आणि एक वीत वाढवायला लावली, कारण गेल्या पावसाळ्यात खुर्चीचे वेळू कठड्याला अडकत होते. आशाताई पलीकडच्या काठावर वहीत नावे लिहीत बसली आहे. यंदा ऑगस्टमध्ये गावात दोन बाळंतपणे आहेत.