काकांचं नाक आणि सी लिंक

आज संध्याकाळी वरळी कोळीवाड्यात होतो. मित्राच्या बाबांचे फोटो काढायचे होते, होडीशेजारी, मागे सी लिंक. लेन्स १६ एमएमची, म्हणजे एकदम वाइड, खूप मोठा भाग फ्रेममध्ये घेणारी, म्हणून काकांपासून जेमतेम दोन फुटांवर उभा. काका म्हणाले, "फोटो काढतोस का माझी दाढी करतोस?"

वाइड लेन्सचं असंच असतं. लांब राहिलं तर माणूस मुंगीएवढा, जवळ गेलं तर जे पुढे येईल ते फुगतं. पहिल्या फोटोत काकांचं नाक सी लिंकला भारी. चेहरा कडेला नेला तर डोकं भोपळ्यासारखं ताणलं. शेवटी चेहरा मधोमध ठेवला आणि जाळं धरलेला हात लेन्सकडे पुढे करायला लावला. काय पंजा होता तो! जन्मभर दोर ओढलेला. फ्रेमच भरून गेली.

फ्लॅशने मात्र रडवलं. आकाश गडद हवं म्हणून एक्स्पोजर दोन स्टॉप खाली, म्हणजे कॅमेऱ्यात उजेड चौपट कमी, शटर १/२०० सेकंद, आणि काकांवर डावीकडून फ्लॅश. पण १६ एमएमला सगळंच दिसतं: फ्लॅशचा स्टँड, उजेड मऊ करणारी छत्री, मित्राची चप्पलसुद्धा. फ्लॅश मागे न्यावा तर अंतर दुप्पट, उजेड पाव. त्यात वाऱ्याने छत्री उलटी केली. मग ती काढलीच, आणि मित्राने नुसता फ्लॅश फ्रेमच्या जरा वर धरला. कडक उजेड काकांच्या सुरकुत्यांना शोभला, खरं सांगायचं तर.

अडतीस फोटोंत दोन धड. काकूंना दाखवले. चेहऱ्याकडे बघितलंही नाही, हातावर बोट ठेवून म्हणाल्या, "ह्यो ह्यांचाच."