कोच मोठा की खेळाडू? तुम्ही विचारलंत म्हणून

गणपतीच्या कार्यक्रमात मंडळाच्या हॉलबाहेर चहाचा कप हातात घेऊन कुणीतरी गाठतंच. "तू ते अमेरिकन फुटबॉल बघतेस ना? मग सांग, त्यांचा ऑफेन्स, म्हणजे चेंडू घेऊन चढाई करणारी बाजू, चालतो तो कोचच्या डोक्यानं की खेळाडूंच्या अंगातल्या कसबानं?" लॉस एंजेलिसमध्ये राहून इथल्या रॅम्स या संघाच्या नादी लागल्यापासून हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय की एकदा नीट उत्तर देऊनच टाकते.

प्रश्न का पडतो ते कळतं. आपण क्रिकेटवर वाढलेली माणसं. आपला कोच बाल्कनीत हाताची घडी घालून बसतो, मैदानात कप्तान काय ते बघून घेतो. इथे क्वार्टरबॅकच्या, म्हणजे डाव चालवून चेंडू फेकणाऱ्या खेळाडूच्या, हेल्मेटमध्ये चक्क स्पीकर असतो. दोन डावपेचांमध्ये सहसा ४० सेकंदांचं घड्याळ चालतं आणि त्यावर १५ सेकंद उरेपर्यंत कोच त्याच्या कानात बोलू शकतो. मग आवाज बंद. पुढे समोरची फळी हलली, कुणी घसरला, कुणी फसवलं, तर ज्याचं त्यानं निस्तरायचं.

कोचच्या बाजूचे लोक हटकून रॅम्सचा क्वार्टरबॅक असलेल्या जॅरेड गॉफचं उदाहरण देतात, आणि त्याच्या बाबतीत मी प्रत्यक्षदर्शी साक्षीदार आहे. २०१६ च्या निवडीत (ड्राफ्ट, म्हणजे संघ पाळीपाळीनं नवे खेळाडू उचलतात तो कार्यक्रम) रॅम्सनी त्याला सगळ्यांत पहिला उचलला होता. २० नोव्हेंबरला मायामीविरुद्ध त्याचा पहिला सामना, कोलिझियम स्टेडियममध्ये. लॉस एंजेलिसला पाऊस पडावा तोही नेमका त्याच दिवशी. प्लास्टिकचा रेनकोट घालून आम्ही कुडकुडत बसलो होतो. १०-० नं पुढे असलेला सामना १४-१० नं घालवला. त्या मोसमात गॉफ सात सामने खेळला, सातही हरला. पाच टचडाऊन पास (थेट गुण मिळवून देणारे), सात इंटरसेप्शन (समोरच्यांनी झेललेले).

मग जानेवारी २०१७ मध्ये शॉन मॅकवे मुख्य कोच म्हणून आला. वय वर्षं ३०. आमच्या ऑफिसात त्या वयाच्या मुलांना आम्ही क्लायंटसमोर एकटं पाठवत नाही. सप्टेंबरमध्ये त्याच कोलिझियममध्ये कोल्ट्स या संघाला ४६-९ असं धुतलं. आधीच्या वर्षी गुणांमध्ये लीगमध्ये तळाला असलेला संघ (२२४) त्या वर्षी पहिला आला (४७८). गॉफचे २८ टचडाऊन पास. मॅकवेची युक्तीही लोकांच्या तोंडी झाली: सगळ्यांना लवकर रांगेत उभं करायचं, म्हणजे १५ चा आकडा यायच्या आत समोरची रचना बघून पोराच्या कानात सांगता येतं.

झालं, कोच जिंकला! असं मीही वर्षभर सांगत फिरत होते.

मग एकदा जुने सामने परत बघताना मला गॉफ सोडून त्याच्या डाव्या हाताचा माणूस दिसायला लागला. लेफ्ट टॅकल. उजव्या हातानं फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची पाठ ज्या बाजूला असते, ती बाजू राखणारा. २०१६ मध्ये तिथे २०१४ च्या निवडीतला दुसऱ्या क्रमांकाचा, म्हणजे कागदावर हिराच असलेला तरुण खेळाडू होता. २०१७ मध्ये त्याच्या जागी सिनसिनाटीहून ३५ वर्षांचा अँड्र्यू व्हिटवर्थ आणला. आदल्या वर्षी सात सामन्यांत गॉफला २६ वेळा पाडलं होतं. या वर्षी पंधरा सामन्यांत २५ वेळा. शिवाय कूपर कप आणि रॉबर्ट वुड्स हे पास झेलणारेही त्याच वर्षी आले. पाठीवर कोसळणारा माणूस अडवला गेला, की कानातलं ऐकायला, ऐकलेलं आठवायला आणि समोर बघायला सवड मिळते. मॅकवेच्या आखणीनं व्हिटवर्थचंही काम सोपं झालं, हे मान्य. पण श्रेय वाटताना कोचच्या पानात तीन लाडू आणि त्याच्या पानात लिंबाची फोड, हे मला पटत नाही.

तेव्हा माझं उत्तर: खेळाडू. पण ज्याचं नाव तुम्ही घेत नाही, तो.

गॉफचं पुढे काय झालं, तेही पुन्हा पुन्हा विचारलं जातं. फेब्रुवारी २०१९ मध्ये मॅकवे आणि गॉफ सुपर बोलपर्यंत, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत, गेले आणि पेट्रियट्स संघानं त्यांना अख्ख्या सामन्यात फक्त तीन गुण करू दिले. २०२१ मध्ये रॅम्सनी गॉफ आणि वर आणखी निवडीचे हक्क देऊन डेट्रॉइटहून क्वार्टरबॅक मॅथ्यू स्टॅफर्ड घेतला. हा गडी तिथे बारा वर्षांत प्लेऑफचा, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेरीचा, एकही सामना जिंकला नव्हता. मॅकवेकडे येऊन पहिल्याच मोसमात विजेता झाला. आणि जानेवारी २०२४ मध्ये गॉफच्या डेट्रॉइटनं याच रॅम्सना २४-२३ नं घरी पाठवलं. एकाच अदलाबदलीतून दोन्ही पक्षांना हवा तो पुरावा मिळतो. म्हणून तर हा वाद संपत नाही, आणि मंडळाचा चहाही.

स्टॅफर्डच्या त्या सुपर बोलच्या वेळी, फेब्रुवारी २०२२ मध्ये, माझ्या सासूबाई सांगलीहून आलेल्या होत्या. सामना इथलाच, समोर सिनसिनाटी, व्हिटवर्थचा जुना संघ. तो तेव्हा ४० वर्षांचा होता आणि हा त्याचा शेवटचा सामना ठरला. पलीकडे सिनसिनाटीचा क्वार्टरबॅक, बिचाऱ्या जो बरोला सात वेळा आडवा केला. घरात बाकी सगळे कूपर कप आणि स्टॅफर्डच्या नावानं ओरडत होते. सासूबाई वाटीतली भेळ खात शांतपणे बघत होत्या. मध्येच म्हणाल्या, "अगं, तो सत्त्याहत्तर नंबरवाला एवढा थोरला गडी, पण चेंडूला हातच लावत नाही. नुसता वाटेत उभा राहतोय."

मी म्हटलं, "आई, आता चेंडू सोडा, त्याच्याकडेच बघा."

त्यांनी बघितलं. दोन-चार डाव झाल्यावर भेळेची वाटी खाली ठेवून थोड्या पुढे सरकून बसल्या. रॅम्स २३-२० नं जिंकले, सगळे सोफ्यावर उड्या मारायला लागले, तेव्हा त्या मला विचारत होत्या, "चेंडू कुठं गेला गं शेवटी?"