तुम्ही विचारलंत म्हणून: मोटरसायकलला रिव्हर्स

‘स्टार्टरच्या वायरी उलट्या जोडल्या तर गाडी मागे जाईल ना?’ जड गाडी असलेले हटकून विचारतात. नाही जाणार. मोटर उलटी फिरेलही, पण तिच्या आणि इंजिनाच्या मध्ये वन-वे क्लच असतो, तो त्या दिशेला नुसता मोकळा फिरतो. १९८८ च्या गोल्डविंगमध्ये होंडाने स्टार्टरवरच रिव्हर्स दिला हे खरं, पण त्यासाठी गिअरबॉक्सपर्यंत वेगळे गिअर मुळातच घातले होते.

वर्कशॉपमध्ये जमण्यासारखा मार्ग म्हणजे मागच्या चाकावर दातेरी रिंग आणि तिला फिरवणारी वेगळी १२ व्होल्टची मोटर. आधी हिशेब. गाडी २५० किलो, स्वार ८०. पाच टक्के चढ आणि टायरचा रोध धरून साधारण २२५ न्यूटन जोर लागतो. चाकाची त्रिज्या ३० सेंटिमीटर, म्हणजे चाक फिरवायला ६८ न्यूटन-मीटर टॉर्क (पीळ). वेग ताशी १ किलोमीटर पुरे, कारण दोन्ही पाय जमिनीवर ठेवूनच मागे यायचं आहे. चाक मिनिटाला ९ फेरे घेईल. निम्मी शक्ती गिअरमध्ये गेली तरी १२५ वॉट, म्हणजे १०-११ अँपिअर. वायपर मोटर सपाटीवर रडतखडत ओढेल, चढावर बसेल. छोट्या विंचची (दोर गुंडाळून जड वस्तू ओढणाऱ्या यंत्राची) मोटर घ्या.

इथवर सोपं आहे. मोटर मिनिटाला २७०० फेऱ्यांची धरली तर एकूण रेशो ३००:१ होतो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला मोटरचे ३००. आता पिनिअन (मोटरकडचं, रिंगला फिरवणारं लहान दातेरी चाक) रिंगमध्ये अडकूनच राहिलं आणि गाडी साठच्या वेगाने पुढे निघाली, तर मोटरला मिनिटाला दीड लाखाच्या वर फेरे घ्यावे लागतील. ती घेणार नाही; चाक जाम होईल किंवा दात उडतील. ‘मध्ये फ्रीव्हील (सायकलच्या मागच्या चाकासारखं, एकाच दिशेला पकडणारं) घालू’ हे उत्तर ऐकायला बरं वाटतं, पण ते चुकीचं आहे. मोटर चाकाला मागे ढकलते तेव्हा दाताच्या ज्या बाजूवर जोर येतो, चाक पुढे फिरू लागलं की जोर त्याच बाजूवर येतो. म्हणजे फ्रीव्हील नेमकं पुढे जातानाच पकडेल.

म्हणून पिनिअन झुलत्या ब्रॅकेटवर बसवा. ब्रॅकेटचा पिव्हट (ज्या खिळीभोवती तो झुलतो ती) अशा जागी हवा की दातांचा जोर पिनिअनला बाहेर लोटेल, आत ओढणार नाही. आत धरून ठेवायचं काम हातातल्या लिव्हरचं: लिव्हर सुटली की स्प्रिंगने पिनिअन बाहेर. आपोआप पकडणारी रचना दिसायला देखणी असते, पण इथे ती घातक आहे.

वायरिंगला ६ चौरस मिलिमीटरची केबल, बॅटरीलगत ४० अँपिअरचा फ्यूज आणि विंचचा सोलेनॉइड (मोटरचा मोठा करंट चालू-बंद करणारा विजेचा स्विच). बटण दाबून धरायचं असावं, खटक्याचं नको. सोलेनॉइडचा करंट न्यूट्रल स्विचला झेपत नाही, म्हणून मध्ये लहान रिले (थोड्या करंटवर चालणारा स्विच) घालून त्याची अर्थिंगची वायर न्यूट्रल स्विचमधून द्या. गाडी गिअरमध्ये असेल तर रिव्हर्स लागणारच नाही.

मोटर चॅसीवर नको, स्विंगआर्मवर (मागचं चाक धरून वर-खाली हलणाऱ्या दांड्यावर) बसवा, नाहीतर प्रत्येक खड्ड्यात दातांमधलं अंतर बदलेल. चेन ताणताना ॲक्सल मागे सरकतो, तेव्हा ब्रॅकेटही तेवढाच सरकवावा लागतो. मग गाडी सेंटर स्टँडवर घेऊन चाक हाताने फिरवा. कुठेही टक् असा आवाज आला, तर पिनिअन अजून पुरतं बाहेर आलेलं नाही.