डीजीएसए परीक्षेची तयारी: पाठांतर कमी, तक्ता ए जास्त

मनमाडजवळच्या पानेवाडीहून पेट्रोल भरून निघालेल्या टँकरच्या पाटीवर '३वायई' आणि '१२०३' असं लिहिलेलं असतं. तोच माल जर्मनीत वाहताना नारिंगी पाटीवर वर '३३' आणि खाली '१२०३' येतं. यूएन क्रमांक, म्हणजे पदार्थाचा जगभर चालणारा क्रमांक, दोन्हीकडे एकच. फरक वरच्या कोडमध्ये आहे. ३वायई हा हॅझकेम कोड विझवणाऱ्यांनी काय करायचं ते सांगतो: ३ म्हणजे फोम, ई म्हणजे लोकांना हलवण्याचा विचार करा. ३३ मात्र धोक्याचा प्रकार सांगतो: अतिज्वलनशील द्रव. डिझेलला ३० येतो. आकड्याआधी एक्स असेल तर पदार्थ पाण्याशी धोकादायक रीतीने रिअ‍ॅक्ट होतो.

नाशिकच्या सातपूर-अंबड भागातल्या कारखान्यांत सेफ्टी किंवा डिस्पॅच सांभाळणाऱ्यांना केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधले १२९ ते १३७ हे नियम माहीत असतात. माल पाठवणारा, ट्रान्सपोर्टर आणि ड्रायव्हर या तिघांच्या जबाबदाऱ्या त्यांत आहेत. हा पाया चांगला आहे, पण डीजीएसए म्हणजे धोकादायक मालाचा सुरक्षा सल्लागार ही एडीआरची, म्हणजे धोकादायक माल रस्त्याने नेण्याच्या युरोपच्या कराराची व्यवस्था आहे. नियम १.८.३ मध्ये. त्यामुळे उत्तर एडीआरमधूनच द्यावं लागतं. इथली सवय मध्ये आली की मार्क जातात.

लेखी परीक्षेत नियमांचं पुस्तक जवळ ठेवता येतं, इतर टिपणं नाहीत. म्हणून पाठांतरावर घालवलेले तास बहुतेक वाया जातात. शिकायचं असतं ते पुस्तकात वाट काढायला, आणि ती वाट प्रकरण ३.२ मधल्या तक्ता ए पासून, म्हणजे धोकादायक पदार्थांच्या यादीपासून सुरू होते. रकाना ३ए वर्ग, ४ पॅकिंग ग्रुप (धोक्याची पातळी, एक सगळ्यात जास्त), ५ लेबलं, ६ विशेष तरतुदी, ७ए मर्यादित मात्रा, ८ पॅकिंगच्या सूचना, १५ वाहतूक श्रेणी आणि बोगद्याचा कोड (कुठल्या बोगद्यांतून माल नेता येत नाही), २० धोका क्रमांक. केस स्टडीत नापास होणारे बरेच जण थेट भाग ४ किंवा ७ उघडतात आणि रकाना ६ बघायचा राहतो. तिथेच निम्मे सापळे असतात.

सरावाला नाशिकचाच माल घ्या. द्राक्षावर धुरळायचं गंधक: यूएन १३५०, वर्ग ४.१. रकाना ६ मध्ये २४२ दिसतो. ती तरतूद उघडली की कळतं, गंधक दाणे, गोळ्या किंवा पापडीच्या आकारात असेल तर त्याला एडीआर लागूच होत नाही. भुकटीला लागू होतो. वाइनचंही तसंच: मद्याचा क्रमांक यूएन ३०६५, पण तो अल्कोहोल २४ टक्क्यांच्या वर असेल तरच, १३ टक्क्यांची वाइन यादीबाहेर. ब्रँडी पॅकिंग ग्रुप तीनमध्ये येते, पण २५० लिटरपर्यंतच्या भांड्यांत असेल तर तरतूद १४५ तिलाही सोडते. डिस्टिलरीचं इथेनॉल मात्र यूएन ११७०, पॅकिंग ग्रुप दोन, त्याला १४५ ची सूट नाही.

सगळ्यात जास्त वेळ द्या तो १.१.३.६ च्या, म्हणजे थोड्या मालाला मिळणाऱ्या सवलतीच्या हिशोबाला. एका वाहनातला पॅकबंद माल रकाना १५ मधल्या श्रेणीनुसार गुणायचा: श्रेणी १ गुणिले ५०, श्रेणी २ गुणिले ३, श्रेणी ३ गुणिले १. बेरीज १००० च्या आत असेल तर बऱ्याच अटी सुटतात. समजा एका गाडीत पिंपांमध्ये एकूण २०० लिटर इथेनॉल (श्रेणी २) आणि ३०० लिटर डिझेल (श्रेणी ३) आहे. ६०० अधिक ३००, म्हणजे ९००. आता प्लेटिंगवाल्यासाठी ३ किलो सोडियम सायनाइड चढवलं (यूएन १६८९, पॅकिंग ग्रुप एक, श्रेणी १) की १५० वाढले आणि गाडी १०५० वर गेली. तीन किलोंनी पूर्ण एडीआर लागू! हा हिशोब हाताला बसल्याशिवाय परीक्षेला बसू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्यातही दोन ठिकाणी चुका होतात. कोल्ड स्टोरेजचा अमोनिया (१००५) आणि पाणी शुद्धीकरणाचा क्लोरीन (१०१७) श्रेणी १ मध्ये असूनही त्यांना ५० ने नाही, २० ने गुणतात. एकक चुकणं ही दुसरी: द्रव लिटरमध्ये, घन पदार्थ आणि द्रवरूप केलेले वायू निव्वळ किलोत, आणि दाबलेल्या वायूसाठी सिलिंडरची पाण्याची क्षमता लिटरमध्ये. घरगुती गॅसची टाकी १४.२ किलो धरायची, लोखंडाचं वजन नाही.

आणि १००० च्या आत म्हणजे मोकळं रान नव्हे. योग्य पॅकिंग, लेबलं, कागदपत्रं, लोकांचं प्रशिक्षण आणि किमान २ किलोचं एक अग्निशामक लागतंच. केस स्टडीत हे हमखास विचारतात.

कागदाचा क्रमही घोटून ठेवा: यूएन क्रमांक, मालाचं अधिकृत नाव, वर्ग, पॅकिंग ग्रुप, बोगद्याचा कोड. पेट्रोलसाठी यूएन १२०३, पेट्रोल, ३, २, डी/ई; पॅकिंग ग्रुपचा आकडा रोमन लिहायचा. क्रम उलटला की उत्तर चूक धरलं जातं.

सल्लागाराच्या कामांचा भाग लहान आहे, एका संध्याकाळी होतो: वार्षिक अहवाल पाच वर्षं जपायचा, गंभीर अपघाताची माहिती सरकारी यंत्रणेला एका महिन्यात जाते. प्रमाणपत्रही पाच वर्षांचंच, आणि शेवटच्या वर्षात पुन्हा परीक्षा देऊन ते वाढवता येतं.

एडीआर दर विषम वर्षी १ जानेवारीला बदलतो. जुनी आवृत्ती साधारण ३० जूनपर्यंत चालते. यूएनईसीई या संयुक्त राष्ट्रांच्या युरोपसाठीच्या आर्थिक आयोगाच्या संकेतस्थळावर तो फुकट मिळतो, म्हणून स्वस्तात मिळालेली जुनी छापील प्रत घेऊ नका. ज्या आवृत्तीवर परीक्षा आहे, तिच्याच पानांवर खुणा करा.